हातातला जन्मजात दोष: कुठल्या गटात टाकायचा आणि त्यानं फरक काय पडतो

राधानगरी भागात अंगणवाड्या तपासायला जाणाऱ्या एका डॉक्टर मॅडमनी विचारलंय, त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीममध्ये आहेत. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: दोन मुलं बघितली, दोघांच्याही हाताला मधली बोटं नाहीत, मधे मोठी खाच, कडेला अंगठा आणि करंगळी. एकाच्या जुन्या कागदावर क्लेफ्ट हँड लिहिलंय, दुसऱ्याच्या कागदावर सिम्ब्रॅकिडॅक्टिली. हात तर सारखेच दिसतात, मग नावं दोन कशी? आणि पुस्तकात स्वॅनसनचं वर्गीकरण आहे, आता सगळे ओएमटी या नव्या वर्गीकरणाचं नाव घेतात, तर रिपोर्टवर नक्की काय लिहायचं?

मॅडम, प्रश्न फार चांगला आहे आणि उत्तर जरा लांब होणार, कारण नुसतं 'हे लिहा' म्हणून सांगितलं तर पुढच्या मुलाच्या वेळी परत अडणार.

आधी त्या दोन मुलांचं बघू. हात सारखे दिसले तरी ते एक नाहीत, आणि फरक ओळखायला कुठलंही मशीन लागत नाही, कपडे काढून मूल नीट बघावं लागतं. खऱ्या क्लेफ्ट हँडमध्ये खाच इंग्रजी व्ही सारखी खोल, तळहातापर्यंत आत गेलेली असते, बऱ्याचदा दोन्ही हातांना असते, पायांनाही असू शकते आणि घरात आणखी कुणाला तरी असते. जी बोटं आहेत ती चांगली लांबीची असतात, फार तर शेजारची दोन चिकटलेली. सिम्ब्रॅकिडॅक्टिलीत खाच यू सारखी, उथळ आणि रुंद, एकाच हाताला, पाय एकदम चांगले, घराण्यात कुणाला नाही, आणि मुख्य म्हणजे जिथं बोटं पाहिजेत तिथं मऊ मऊ छोटे गोळे असतात. त्या गोळ्यांकडं भिंगातून बघा, टोकाला बारीकशी नखं दिसतील, कधी तीळाएवढी. नख आहे म्हणजे बोटाचं टोक तयार व्हायचा निरोप पोचला होता, मधला भागच वाढला नाही. पूर्वी याच हाताला 'अटिपिकल क्लेफ्ट' म्हणायचे आणि तिथूनच हा सगळा घोळ सुरू झालाय, जुन्या कागदांवर अजून तेच नाव सापडतं.

मग बनियन काढून छाती बघायची. त्याच बाजूचा छातीचा मोठा स्नायू नाही, काखेची पुढची घडी बारीक किंवा नाहीच, स्तनाग्र वर आणि छोटं, असं असेल तर ती पोलंड सिंड्रोम. मुलीच्या बाबतीत हे आत्ताच आईला सांगून ठेवायला पाहिजे, वयात आल्यावर एकदम कळण्यापेक्षा. आणि क्लेफ्टच्या मुलाच्या बापाला चपला काढायला सांगा. खरंच सांगतो, बाप स्वतःहून बोलत नाही, आयुष्यभर बूट घालून पाय लपवलेला असतो आणि बायकोच्या माहेरच्यांनाही माहीत नसतं, सगळ्यांसमोर विचारू नका, बाजूला घेऊन विचारा.

आता नावं दोन असल्यानं पडतो काय फरक? पुढच्या बाळाचा प्रश्न. क्लेफ्ट हँड घराण्यात चालत असेल तर बहुतेक वेळा ऑटोसोमल डॉमिनंट असतो, म्हणजे प्रत्येक बाळंतपणाला जनुक जायची शक्यता निम्मी, आणि जनुक असूनही एखाद्याला काहीच दिसत नाही असंही होतं, त्यामुळं एक पिढी सुटून पुढं दिसू शकतो. सिम्ब्रॅकिडॅक्टिलीत सहसा पुढच्या बाळाला काही होत नाही. त्या दोन घरांतल्या दोन आयांना तुम्ही काय सांगणार हे या एका नावावर ठरतंय. म्हणून माझं म्हणणं पहिल्यापासून हेच आहे की वर्गीकरण हे बोटांचा आकार बघून चिठ्ठी लावायचं काम नाही, त्यातून तीन गोष्टी कळायला पाहिजेत: बाकीच्या शरीरात काय शोधायचं, पुढच्या बाळाचं काय, आणि ऑपरेशन कुठलं आणि कधी.

आता स्वॅनसन. फ्रान्ट्झ आणि ओ'राहिली यांनी १९६१ मध्ये हातपायांतल्या कमतरता शास्त्रशुद्ध मांडायला सुरुवात केली, त्यावर आल्फ्रेड स्वॅनसन यांनी पुढं काम केलं, १९७६ चा त्यांचा पेपर सगळे वापरतात आणि हाताच्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं ते वर्गीकरण उचललं. त्यात सात गट: भाग तयारच झाला नाही, भाग सुटा झाला नाही (चिकटलेली बोटं यात), जास्तीचा तयार झाला, जास्त वाढला, कमी वाढला, दोरीसारखे आवळलेले वळ, आणि शेवटी सगळ्या हाडांचा सर्वसाधारण विकार. लक्षात ठेवायला सोपं, चाळीसेक वर्षं जगभर चाललं ते उगाच नाही. अडचण कुठं होते तर तुमच्या त्या क्लेफ्टच्या मुलाला मधलं बोट नाही म्हणून गट एक, कडेची बोटं चिकटलीत म्हणून गट दोन, आणि एक्स-रेत एखादं आडवं किंवा जास्तीचं हाड दिसलं तर गट तीन. एकच मूल, एकच हात, तीन खण. जपानी सर्जनांच्या हे आधी लक्षात आलं, ओगिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की क्लेफ्ट, मधल्या बोटांची चिकटण आणि मधल्या बोटांचं दुपटीकरण ही एकाच बिघाडाची वेगवेगळी रूपं आहेत, म्हणून त्यांनी त्यासाठी वेगळा गटच केला, बोटांच्या किरणांची (बोट आणि त्याच्या मागचं तळहातातलं हाड मिळून एक किरण) आखणी चुकलेला गट. सिम्ब्रॅकिडॅक्टिलीचं पण तसंच, कुणी पहिल्या गटात टाकतं कुणी पाचव्यात, आणि मग दोन हॉस्पिटलांचे आकडे जुळत नाहीत.

ओएमटी समजायला हात तयार कसा होतो हे माहीत पाहिजे, थोडक्यात सांगतो. गर्भ साधारण २६ दिवसांचा असताना अंगाच्या कडेला हाताचा कोंब दिसतो आणि आठवा आठवडा संपेपर्यंत पाच सुटी बोटं तयार. या कोंबाला तीन दिशांचे निरोप लागतात. पहिली दिशा खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत, तिची किल्ली कोंबाच्या टोकाला असलेल्या जाडसर कडेत असते. १९४८ साली सॉन्डर्स यांनी अंड्यातल्या कोंबडीच्या पिल्लाची ती कड काढून बघितली, तर पुढचं पंख तयारच झालं नाही, आणि जितक्या लवकर काढली तितकं जास्त वरून तुटलं. दुसरी दिशा अंगठ्याकडून करंगळीकडं, तिचा ताबा करंगळीच्या बाजूच्या पेशींच्या एका पुंजक्याकडं, तिथून सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन सुटतं. तिसरी दिशा हाताच्या पाठीपासून तळव्याकडं, ती वरच्या कातडीतल्या निरोपावर चालते. आणि हे तिन्ही एकमेकांवर अवलंबून आहेत, एक बिघडला की दुसऱ्यावर परिणाम होतोच.

ओबर्ग, मान्स्के आणि टोन्किन या तिघांनी २०१० च्या सुमाराला हेच जीवशास्त्र पायाला धरून नवी मांडणी केली, त्यांच्या आडनावांवरून ओएमटी. महासंघानं २०१४ मध्ये ती स्वीकारली, २०२० मध्ये सुधारित आवृत्ती आली. यात पहिला प्रश्न असा की मुळात घडणच चुकली, का नीट घडलेल्या भागावर नंतर काही आघात झाला, का पेशींची वाढच विचित्र झाली? म्हणजे मालफॉर्मेशन, डिफॉर्मेशन, डिस्प्लेझिया. चौथा भाग सिंड्रोमांचा. मालफॉर्मेशन असेल तर दुसरा प्रश्न, सगळा हात खांद्यापासून बाधित आहे का फक्त पंजा, आणि तिसरा, वरच्या तीनपैकी कुठली दिशा बिघडली. सगळ्या पंजाचीच आखणी गडबडली आणि एक दिशा सांगता येत नसेल तर त्यासाठी वेगळा खण आहे, क्लेफ्ट तिथं बसतो, आणि त्याच्या शेजारी बोटं चिकटून दुप्पट झालेला हात. जपान्यांनी जे म्हटलं होतं तेच. सिम्ब्रॅकिडॅक्टिली खांदा-ते-टोक या दिशेत जाते. म्हणजे तुमची ती दोन मुलं या मांडणीत आपोआप वेगळ्या खणात पडतात.

डिफॉर्मेशनचं सगळ्यात चांगलं उदाहरण आवळलेल्या वळांचं. यात बोट किंवा मनगट दोरीनं करकचून बांधल्यासारखं दिसतं, कधी बोट तिथूनच तुटलेलं असतं, कधी टोकं एकमेकांना चिकटलेली पण मुळाशी मधे भोक शिल्लक, त्यातून बारीक सळी आरपार जाते. वळाच्या वरचा सगळा हात एकदम नॉर्मल असतो, हाडं, स्नायू, सगळं. ही खूण पक्की लक्षात ठेवा, कारण अख्खा हात बारीक असेल तर ते वळाचं काम नाही. दुसरी गोष्ट, वळाखाली बोट सुजलेलं, निळं किंवा थंड असेल तर तो बाळंतपणाच्या वॉर्डातूनच फोन करायचा विषय आहे, पुढच्या तपासणीची वाट बघायची नाही.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय तो अंगठा. अंगठा छोटा, अंगठ्याखालची गादी सपाट, मनगट अंगठ्याच्या बाजूला वळलेलं, अशी बाळं बघितली की आपण लगेच हाताकडं बघतो, आणि मी हात जोडून सांगतो की आधी हाताकडं बघू नका. अंगठ्याच्या बाजूचा दोष हा शरीरातल्या दुसऱ्या दोषाचा निरोप असतो. हृदयाच्या पडद्याला भोक असलं तर होल्ट-ओरॅम, मणके-गुदद्वार-हृदय-अन्ननलिका-किडनी यांपैकी काही असलं तर व्हॅक्टर्ल, दोन्ही हातांत रेडियस (कोपर ते मनगट, अंगठ्याच्या बाजूचं) हाड नाही पण अंगठे मात्र आहेत आणि प्लेटलेट कमी, तर टार सिंड्रोम. म्हणून अशा प्रत्येक बाळाचं इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, किडनीची सोनोग्राफी, मणक्याचा एक्स-रे आणि सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी झालंच पाहिजे, ऑपरेशन करायचं असो वा नसो.

आणि चौथा फॅन्कोनी अॅनिमिया. हा आपल्या भागात मनात ठेवायलाच पाहिजे, कारण तो बहुतेक ऑटोसोमल रिसेसिव्ह आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तरच होतो, आणि आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न ही घरोघरची गोष्ट. घातक भाग असा की बाळ असताना रक्त एकदम चांगलं असतं. सीबीसी नॉर्मल बघून आपण निश्चिंत होतो आणि पोरगं शाळेत जायला लागल्यावर निळे डाग, ताप, फिकटपणा सुरू होतो, तेव्हा हाडातली रक्त तयार करणारी मज्जा आटत आलेली असते. गुणसूत्रं तुटतात का हे बघायची एक खास रक्ततपासणी असते, डीईबी किंवा मायटोमायसिन ही रसायनं घालून करतात, ती आधीच केली तर पुढं मज्जारोपणाचा विचार वेळेत होतो, भावंडांची तपासणी होते, आणि पुढच्या गरोदरपणात काय करायचं तेही ठरतं. कॅफे-ओ-ले म्हणजे दुधाळ कॉफीच्या रंगाचे कातडीवरचे डाग, लहान डोकं, कमी उंची शोधा, पण ते नसले म्हणून तपासणी टाळू नका. हाताचा सर्जन म्हणून मी बोटाचा अंगठा नंतर करीन, पोरगं आधी जगलं पाहिजे.

मग हातातलं वर्गीकरण. रेडियस हाडाच्या कमतरतेला बेन आणि क्लुग यांचे १९८७ चे चार प्रकार: थोडं आखूड, छोटंसंच, अर्धवट, आणि अजिबात नाही. छोट्या अंगठ्याला ब्लाउथचे पाच प्रकार, त्यातल्या तिसऱ्याचे मान्स्के यांनी अ आणि ब असे दोन भाग केले आणि सगळी मेख त्याच अ-ब मधे आहे. अंगठ्याच्या बुडाचा, मनगटाजवळचा सांधा पक्का असेल तर अ, तो अंगठा दुरुस्त करता येतो, ढिला असेल तर ब, मग तो काढून तर्जनी फिरवून तिचा अंगठा करतात, पॉलिसायझेशन म्हणतात त्याला. एक्स-रे काढून हे कळेल असं वाटतं, पण कळत नाही, कारण त्या सांध्याजवळची छोटी हाडं लहान मुलात अजून कूर्चाच असतात, फिल्मवर दिसतच नाहीत, पाचेक वर्षं लागतात दिसायला. त्यापेक्षा मूल वर्षाचं झालं की समोर चुरमुरे टाका आणि गप्प बसून बघा. अंगठा आणि तर्जनीत उचलतंय का तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत धरून उचलतंय? फटीत धरत असेल तर मेंदूनं त्या अंगठ्याला हिशोबातून काढलेलंय, तर्जनी स्वतःहून थोडी फिरायलाही लागलेली असते. आईबापांना 'अंगठा काढायचा' हे ऐकून धक्का बसतो, साहजिक आहे, आहे तो अंगठा का काढायचा म्हणून आजी रडते. मी त्यांना तेच चुरमुरे टाकून मुलाचा हात दाखवतो, मग बोलणं सोपं जातं.

जास्तीच्या अंगठ्याला वासेल यांचे १९६९ चे सात प्रकार. टोकाकडून मनगटाकडं मोजत यायचं, हाड नुसतं फुटलेलं असेल तर विषम आकडा, पूर्ण दोन असतील तर सम, तीन पेरांचा अंगठा असेल तर सातवा. चौथा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो, अंगठा तळहाताबाहेर निघतो त्या सांध्यापासून दोन वेगळे अंगठे. इथं एक कळकळीची विनंती, दोरा बांधू नका आणि कुणाला बांधू देऊ नका. करंगळीच्या बाजूला नुसत्या कातडीच्या देठावर लोंबणारं बोट असतं तिथं पूर्वी दोरा बांधायचे, मला तेही पटत नाही, कारण देठ मागं राहून दुखरी गाठ होते. पण अंगठ्याला तर कधीच नाही, कारण दोन अंगठे हे एक चांगला आणि एक फालतू असे नसतात, दोन्ही थोडे थोडे कमी असतात. बाहेरचा काढताना त्याचा स्नायू आणि सांध्याचा बंध सोडवून आतल्याला जोडावा लागतो, नाहीतर राहिलेला अंगठा पुढं नागमोडी वाकतो. काही घरांत सहावं बोट लक्ष्मी म्हणून ठेवतात, त्यांच्याशी भांडायचं नाही, पोराला पकड जमते का तेवढं दाखवायचं.

चिकटलेल्या बोटांचं सोपं आहे: नुसती कातडी जोडलेली का हाड पण, टोकापर्यंत का अर्धवट. मधलं आणि अनामिका ही जोडी सगळ्यात जास्त. सहसा वर्ष ते दीड वर्षात करतात, पण अंगठा-तर्जनी किंवा अनामिका-करंगळी चिकटली असतील तर सहा महिन्यांच्या आसपासच पाठवा, कारण लांबी वेगळी असल्यानं मोठं बोट वाकत जातं. राक्षसी वाढलेलं बोट हे डिस्प्लेझियात, त्यात बऱ्याच मुलांच्या त्या बोटाच्याच पेशींत पीआयके३सीए जनुक बिघडलेलं सापडतं, आईबापाकडून आलेलं नसतं. आणि दोन वर्षांच्या पोराचा अंगठा वाकून अडकलाय, सरळ होत नाही, बुडाशी गाठ लागते, तो ट्रिगर थंब, जन्मतः सहसा नसतोच, त्याला जन्मजात दोष म्हणून नोंदवू नका.

तर रिपोर्टवर काय लिहायचं. नाव येत नसेल तर नाव लिहू नका, बघितलं ते लिहा, मी तर म्हणतो नाव येत असलं तरी आधी बघितलेलं लिहा. कुठला हात, का दोन्ही. खांदा, दंड, कोपर, पुढचा हात दुसऱ्या बाजूएवढा आहे का. प्रत्येक बोट आहे का, किती पेरं, नख आहे का. छाती. पाय. आईवडिलांचे हातपाय, त्यांचं एकमेकांशी नातं. गरोदरपणात घेतलेली औषधं, शुगर. मग ओएमटीतला गट, आणि त्याच्याखाली त्या त्या दोषाचा प्रकार, बेन, ब्लाउथ, वासेल जो असेल तो, कारण ओएमटी नोंदीला आणि जनुकांच्या अभ्यासाला चांगलं आहे पण ऑपरेशन कुठलं हे त्यातून ठरत नाही, ते या छोट्या वर्गीकरणांवर ठरतं. जिल्ह्याच्या रजिस्टरमधे जुना स्वॅनसनचाच रकाना असेल तर तोही भरा, दोन्ही लिहिल्यानं काही बिघडत नाही. सोबत मोबाइलवर दोन्ही हातांचे पुढून-मागून फोटो, आईची परवानगी घेऊन आणि चेहरा न घेता.

आईशी बोलताना एक गोष्ट स्वतःहून काढा, ती विचारणार नाही. सासरी तिला ऐकवलेलं असतं की ग्रहण पाळलं नाहीस, ग्रहणात विळीवर भाजी चिरलीस म्हणून बोटं गेली. कागलपासून गगनबावड्यापर्यंत मी हे ऐकलंय, शिकलेल्या घरांतही. तिला घरच्यांसमोर, शक्यतो सासू समोर बसलेली असताना, सांगा की हात तयार होऊन संपतो आठव्या आठवड्यात, कितीतरी बायकांना तोपर्यंत दिवस गेलेत हेही धड कळलेलं नसतं, आणि ग्रहणाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. हे डॉक्टरच्या तोंडून एकदा सगळ्यांनी ऐकलं की पुढच्या तपासण्यांना ती माणसं येतात, नाहीतर बाळाचा हात पदराखाली झाकून ठेवतात आणि चार वर्षांनी शाळेच्या दाखल्याच्या वेळी उगवतात.

पाठवायचं कधी? निदान शंकेचं असो वा पक्कं, पहिली भेट पहिल्या तीन महिन्यांत झालेली बरी. ऑपरेशन तेव्हा नसतं, पण वळलेल्या मनगटाला ताण देणं आणि स्प्लिंट पहिल्या आठवड्यांपासूनच सुरू करायचे असतात, आईला दूध पाजताना हात कसा ओढून धरायचा ते शिकवतात. सिम्ब्रॅकिडॅक्टिलीत पायाच्या बोटाचं हाड त्या मऊ गोळ्यात बसवून लांबी मिळवता येते, पण ते वर्ष-दीड वर्षाच्या आत केलं तरच हाड पुढं वाढायची शक्यता चांगली राहते, म्हणून 'पाच वर्षांचा झाल्यावर बघू' असं कुणी सांगितलं असेल तर थांबू नका. टीमच्या कागदावर डीईआयसीकडं, म्हणजे जिल्ह्याच्या लहान मुलांच्या तपासणी-उपचार केंद्राकडं पाठवा, तिथून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला किंवा जिथं लहान मुलांच्या हाताचं काम होतं तिथं, आणि अंगठ्याच्या बाजूचा दोष असेल तर पाठवायच्या आधीच इको आणि सीबीसीची चिठ्ठी हातात द्या, एक फेरा वाचतो.